सहावा दात

असं समजा, तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि तुमच्या वडिलांच्या कामाला तुमचे दात लागतात. हात नव्हेत, पाय नव्हेत, दात. भल्या सकाळी तुम्हाला गोधडीतून उठवतात. बाहेर एवढं धुकं की चार पावलांवरचा ऊस दिसत नाही. भट्टीवर मोठी काहील रटरटतेय. वडील उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, बोटांत फिरवून त्याची गोळी करतात, तुमच्या तोंडासमोर धरतात आणि म्हणतात, "उघड." तुम्ही तोंड उघडता, गोळी चावता. सगळी माणसं हातातलं काम थांबवून तुमच्याकडं बघत राहतात. तुम्ही सांगाल तेव्हाच काहील उतरणार.

छान वाटेल ना? संपदालाही पहिल्या वर्षी छानच वाटलं होतं.

संपदाचा बाप रामकृष्ण हा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर. गाव कागलजवळ. मुल्लानपूरच्या गुरनाम सिंगनं त्याला चंदीगडच्या उशाला आणून बसवलं त्याला हा तिसरा हिवाळा. गुरनामची बरीच जमीन इमारतींखाली गेली होती. राहिलेल्या तुकड्यात तो ऊस लावायचा आणि रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालवायचा. 'कोल्हापुरी गुड़' अशी पाटी होती. नव्या फ्लॅटमधले लोक गाड्या थांबवून गरम गूळ न्यायचे. भट्टीत चिपाडं सारायचं काम संपदाची आई यमुना करायची. तिघं उसाच्या चरकामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची.

पाक कच्चा असला तर गोळी दाताला चिकटते. तयार झाला की कट्कन तुटते. बोटांनी हे अर्धंच कळतं, दातानं पुरतं. आणि मोठ्या माणसांचे दात तंबाखूनं बधिर झालेले, म्हणून रामकृष्णाच्या घराण्यात गोळी पोरानं चावायची अशी रीत होती. लहानपणी बापासाठी त्यानं स्वतः चावली होती. आता संपदा चावायची. दिवसाला सहा आधणं, म्हणजे पाकाच्या सहा काहिली, एकेका आधणाला तीन-चार गोळ्या. हिशेब तुम्हीच करा.

गुरनाम तिला मशीन म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की हाक मारायचा, "ओ मशीन, इधर आ. देखो जी, कोल्हापूर से मँगवाई है, बिजली नहीं खाती, गुड़ खाती है." लोक हसायचे. कुणी फोन समोर धरून शूटिंग करायचे. "बेटा, एक बार फिर से करना," म्हणायचे. संपदा पुन्हा तोंड उघडायची.

त्या वर्षी लोहडीच्या सणाआधी आयटी पार्कातल्या एका कंपनीनं तीनशे डबे गूळ सांगितला होता. थंडीमुळं शाळा बंद होत्या, त्यामुळं संपदा दिवसभर काहिलीपाशीच. आणि त्याच दिवसांत तिची डावीकडची खालची दाढ दुखायला लागली होती. गार पाण्यानं झिणझिण्या यायच्या, गोडानं कळ निघायची. आधी कळ यायची आणि जायची. मग यायची आणि राहायची. तिनं उजवीकडून चावायला सुरुवात केली. उजवीकडचीही एक दाढ हुळहुळायला लागली.

तिनं आईला सांगितलं.

"बघू," आई म्हणाली. भट्टीच्या उजेडात तिनं तोंडात डोकावून पाहिलं. "काळी पडलीया. दुधाची हाय, पडंल आपोआप. राखेनं घास जरा जोर लावून."

संपदा राखेनंच दात घासायची. त्या दिवसापासून जोर लावून घासायला लागली.

एका सकाळी बापानं गोळी पुढं केली तेव्हा तिनं ती चावलीच नाही. जिभेवर घोळवली, टाळूला लावली आणि गिळून टाकली.

"काय म्हणतीया?" रामकृष्णानं विचारलं.

"कडक हाय."

"नक्की?"

"पक्का."

काहील उतरली. पाक थंड व्हायला वाफ्यात ओतला. दुपार झाली तरी तो धरेना. गुरनामनं त्यात बोट घातलं आणि वर उचललं. बोटामागं हातभर तार लोंबत आली.

"ये क्या है, रामकिशन? डब्बे में भरूँ कि बाल्टी में?"

"थंडी हाय सरदारजी. धरेल शामतक."

"थंडी तो हर साल होती है." गुरनामनं बोट पत्र्याला पुसलं. "यू.पी. का कारीगर परसों आ सकता है. सोच ले."

तो गेल्यावर रामकृष्ण संपदापाशी आला.  डाव्या गालावर फाडकन ठेवून दिली.

संपदा अशी ओरडली की चरकावरच्या माणसानं चरक बंद केला. एका थपडेला कुणी एवढं ओरडत नाही. रामकृष्ण स्वतःच्या हाताकडं बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. अंगात ताप. रामकृष्ण तिच्याकडं न बघता काम करत होता. यमुना चिपाडं सारत होती, ती प्रत्येक पेंडी भट्टीत फेकताना बोलत होती.

"हात लई चालतो न्हवं."

"गप."

"मालकानं बोट दाखवलं की पोरीवर हात."

"गप म्हटलं न्हवं? खोटं बोलली ती."

"सरदारावर उचलायचा हुता."

रामकृष्णानं फावडं काहिलीत आपटलं. पाक उडाला, त्याच्याच मनगटावर पडला.  यमुनेनं उठून पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर आदळला, संपदाला शालीत गुंडाळलं आणि सरळ रस्त्यावर जाऊन शहराची बस धरली.

शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागापुढं रांग होती. त्या दोघी साडेआठला उभ्या राहिल्या, साडेअकराला आत गेल्या. शालीला चिपाडाचा आणि धुराचा वास येत होता. शेजारच्या बाईनं आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली. यमुना तोंडातल्या तोंडात म्हणाली, "सरक की अजून, भिंतीत जा."

समोरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "कोल्हापूरच्या का तुम्ही?"

यमुनेनं जीभ चावली.

"मी साताऱ्याची. भार्गवी नाव माझं. बसवा तिला." त्यांच्या आवाजात गावचं माणूस भेटल्याचा आनंद वगैरे नव्हता. सकाळपासून त्यांनी चाळीस तोंडं पाहिली होती. त्यांनी छोटा आरसा संपदाच्या तोंडात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

"काय खायला घालता हिला?"

"जे आमी खातो तेच."

"ताई, हे भाकरीनं होत नाही. एवढ्याशा पोरीच्या तोंडात दोन दाढा किडलेल्या, एकीला खाली पू झालाय."

"तिच्या बाऽनं मारलं म्हणून सुजलंय."

"मारानं नाही सुजलं. मारलं तेही वाईटच. पण हे दोनेक वर्षांचं काम आहे." मग त्या संपदाकडं वळल्या. "तू सांग. गोड किती खातेस?"

"खात न्हाई," संपदा म्हणाली. "चावते फक्त."

मग सगळं बाहेर आलं. गोळी, काहील, सहा आधणं, मशीन. भार्गवी ऐकत होत्या. बाजूला उभे असलेले दोन विद्यार्थी एकमेकांकडं बघून हसले, तेव्हा त्यांनी त्यांना हिंदीत कापूस आणायला पाठवून दिलं. ते गेल्यावर त्यांनी आरसा संपदाच्या हातात दिला.

"आता तूच बघ. पुढचे दोन दात आहेत ना, त्यांच्या मधून मोजायला लाग. डावीकडं. एक, दोन, तीन..."

तुम्हीही मोजा. जिभेनं मोजता येतात. मधला पहिला, मग पुढं एकेक. सहाव्यापाशी थांबा.

"सहावा," संपदा म्हणाली. "हाच दुखतोय."

"ही दाढ दुधाची नव्हे. कोणताही दात न पडता ती सगळ्यांच्या मागं गुपचूप येते. सहाव्या वर्षाच्या आसपास. कुणी दात पडलेला बघत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं ही दुधाचीच. ही गेली तर तिथं दुसरी येत नाही. म्हातारी होईपर्यंत हीच."

यमुनेनं पदर तोंडाला लावला. "मी हिला राखेनं घासायला लावलं. जोरात."

"राखेनं दाताचं वरचं कडक कवच झिजतं. कीड जात नाही." त्यांनी सुईसारखं हत्यार उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "संपदा, तोंडात बारीक जंतू असतात. सगळ्यांच्याच. त्यांना साखर मिळाली की ते खातात आणि आंबट पाणी सोडतात. त्या पाण्यानं दात विरघळतो. अर्ध्या-पाऊण तासानं लाळ ते पाणी धुऊन टाकते आणि दात सावरतो. तू एकदाच ताटभर गूळ खाल्लास तर एकदाच मार बसेल. पण तू दिवसभर थोड्याथोड्या वेळानं गोळी चावतेस. तुझ्या दाताला सावरायला वेळच मिळत नाही. त्यात ती चिकटते, खाचेत जाऊन बसते."

संपदानं आरशात पुन्हा पाहिलं. दाढेच्या मधोमध काळं भोक होतं.

त्या दिवशी भार्गवींनी सुईनं गाल बधिर केला, दाढ उघडून पू काढला, आत औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलं. संपदानं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली. पण तिनं मान हलवली नाही. तोंड उघडं ठेवायची तिला सवयच होती.

"पुढच्या सोमवारी यायचं. त्यानंतर आणखी एकदा. दाढ वाचेल असं मी म्हणते, पण तीन वेळा यावं लागेल. मध्येच सोडलंत तर पुन्हा पू होईल आणि मग काढण्यावाचून इलाज नाही. उजवीकडची भरून घेऊ. वरच्या दोन अजून चांगल्या आहेत, त्यांच्या खाचा बुजवून टाकू, म्हणजे त्या किडणार नाहीत." त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडानंही सांगितलं. सकाळी आणि झोपायच्या आधी घासायचं. फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी. फेस थुंकायचा, पाण्यानं खळखळून धुवायचं नाही. आणि गोळी बंद.

"गोळी बंद केली तर हिचा बाऽ माझ्या अंगावर येईल," यमुना म्हणाली.

"मग तुम्ही त्यांच्या अंगावर जा."

संध्याकाळी रामकृष्णानं सगळं ऐकून घेतलं. मारानं सुजलं नाही एवढं ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"बघ. म्हंजे माझा काय संबंध न्हाई."

"थपडीनं न्हाई, गोळीनं," यमुना म्हणाली. "थापड एकदाच दिलीसा. गोळी तीन वर्सं देतायसा."

"मी बी चावलीया लहानपणी. मेलो का?"

"तोंड उघडा की. किती ऱ्हायल्यात बघू तरी."

रामकृष्णाला डावीकडं खाली एकही दाढ नव्हती. चाळिशी लागायची होती त्याला. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवसापासून गोळी तो स्वतःच चावायला लागला. पहिलं आधण कच्चं उतरलं. दुसऱ्याच्या वेळी कच्चं राहील या भीतीनं त्यानं काहील जास्त वेळ ठेवली आणि गूळ करपला. गुरनामनं ढेप फोडली, वास घेतला आणि गिऱ्हाइकांसमोरच कुत्र्यापुढं टाकली. कुत्र्यानंही हुंगून सोडून दिली.

"मशीन खराब है क्या?" त्यानं विचारलं.

"बीमार है."

"रिपेअर करवा. नहीं तो कारीगर बदल लूँगा. कोल्हापुरी-कोल्हापुरी सुन के कान पक गए."

त्या रात्री पत्र्याच्या खोलीत संपदानं नव्या ब्रशनं दात घासले आणि फेस थुंकला. बाप तिच्याकडं बघत होता.

"आमी बाभळीच्या काडीनं घासलं," तो म्हणाला. "हिला रंगीत ब्रश."

"तुमच्या काडीचं काय झालं ते दिसतंय," यमुना म्हणाली.

सोमवार आला. लोहडीला तीन दिवस राहिले होते आणि निम्मे डबे रिकामे होते. यमुना शाल काढायला गेली, तर गुरनाम भट्टीपाशी येऊन खाट टाकून बसला. "आज कोई नहीं जाएगा," म्हणाला. "भट्टी ठंडी हुई तो सब ठंडा." यमुनेनं रामकृष्णाकडं पाहिलं.

"मी नेतो हिला," रामकृष्ण म्हणाला. "एक आधण उतरलंय, दुसरं चढायचंय. सरदारजी, मोटरसायकल दीजिए. जल्दी आता हूँ."

यमुनेला बरं वाटलं, पण तसं तिनं दाखवलं नाही. डॉक्टरांचा कागद तिनं संपदाच्या स्वेटरच्या आत खोचला. "तिथं जाऊन गप बसू नका. काय सांगतील ते नीट ऐका," ती नवऱ्याला म्हणाली.

संपदा मागं बसली. धुकं निवळलं होतं. दोन्ही बाजूंना क्रेन आणि अर्धवट इमारती होत्या. रस्ता शहराकडं वळतो तिथं मोटरसायकल वळली नाही. मुल्लानपूरच्या जुन्या बाजारात शिरली आणि एका दुकानासमोर थांबली. दुकानाच्या काचेवर हसऱ्या दातांचं चित्र होतं.

"हे न्हवं," संपदा म्हणाली.

"दातांचंच हाय."

"भार्गवी मॅडम हितं न्हाईत."

"सगळे डॉक्टर सारखेच. उतर."

आत एक खुर्ची होती, तिच्या हातांचं रेक्झिन फाटलेलं. दातवाल्यानं स्वेटरवर पांढरा कोट चढवला, बॅटरीनं तोंडात पाहिलं आणि विचारलं, "उम्र?"

"आठ."

"दूध का दाँत है. निकाल देते हैं. पाँच मिनट."

"दुधाची न्हाई," संपदा म्हणाली. मग तिनं तेच हिंदीत सांगितलं. "दूध का नहीं है. बीच से गिनो. छठा है. फिर नहीं आएगा."

दातवाल्यानं रामकृष्णाकडं पाहून भुवया उचलल्या. "डॉक्टरनी है आपकी?"

"निकाल दीजिए," रामकृष्ण म्हणाला. मग तो संपदाकडं वाकला. त्याचा आवाज मऊ होता, काहिलीपाशी असायचा तसा. "दुखणं कायमचं जाईल बाळ. एकदाच. मग उजवीकडून चावशील."

संपदानं त्याच्याकडं पाहिलं. उजवीकडून चावायचं. ती किडली की काढायची. मग वरची. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, डाव्या गालाच्या खड्ड्याकडं.

दातवाल्यानं पक्कड उचलली. "मुँह खोल."

संपदानं खोललं नाही.

"उघड," रामकृष्ण म्हणाला.

तीन वर्षं या शब्दावर तिनं तोंड उघडलं होतं. धुक्यात, झोपेत, लोकांच्या फोनसमोर. आता तिनं दातावर दात ठेवले. सहाव्यावर सहावा आला तेव्हा कळ कानापर्यंत गेली. तिनं दात आणखी आवळले.

रामकृष्णानं दोन बोटांनी तिचे गाल दाबले. त्याची बोटं पाकानं भाजून भाजून लाकडासारखी झालेली. गाल आत गेले, ओठ फाकले, दात तसेच.

"नाक पकड़ो," दातवाला म्हणाला. "साँस के लिए खोलना ही पड़ेगा."

रामकृष्णाचा हात थोडा थांबला. मग त्यानं नाक धरलं.

तोंड न उघडता श्वास घेता येतो. दातांच्या फटींतून. संपदाला ते त्या क्षणी समजलं. ती फटींतून हवा ओढत राहिली, सूं-सूं आवाज करत, आणि बापाच्या डोळ्यांत बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. दुकानात तेवढाच आवाज होता. बाहेर एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, आत पाहून परत गेलं.

रामकृष्णानं हात काढून घेतला. तिच्या नाकावर त्याच्या बोटांचे दोन पांढरे ठसे उमटले होते, हळूहळू ते लाल झाले.

"ले जाओ," दातवाला म्हणाला आणि पक्कड ट्रेमध्ये टाकली. "जब दर्द से नाचेगी, तब लाना. मेरा टाइम खराब मत करो."

रामकृष्ण दुकानातून खाली उतरला. त्यानं मोटरसायकलला किक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती सुरू झाली.

"चढ मागं," तो म्हणाला. "घरी बघतो तुज्याकडं."

संपदा पायरीवर उभी होती. तिनं स्वेटरमध्ये हात घालून कागद काढला. घड्या उलगडून पाहिला, पुन्हा घातल्या. मग ती पायरी उतरली. दोन्हीकडं बघून, उसाची ट्रॉली जाऊ देऊन, तिनं रस्ता ओलांडला आणि पलीकडं शहराकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं दोन म्हाताऱ्या सरदारांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"संपदे," रामकृष्ण ओरडला. "भट्टी खोळंबलीया तिकडं."

तिनं मान वळवली नाही.

"काहील चढली असंल. ऐकतीस का?"

बाजारातले लोक बघायला लागले होते. एका म्हाताऱ्यानं संपदाला विचारलं, "कुड़िए, तेरा बापू बुला रहा है. कहाँ जाना है?"

"अस्पताल," संपदा म्हणाली. "दाँत बचाना है."

मोटरसायकल थोडा वेळ तशीच धडधडत राहिली. मग बंद झाली. रस्त्याच्या पलीकडून रामकृष्ण चालत येत होता. ते तिनं पाहिलं की नाही कोण जाणे. वळणावर शहराची बस दिसली होती, आणि संपदानं पुढं होऊन हात वर केला होता.